मामेबहिणीचं लग्न आणि हातात डी५६००: बॉडी बदलू, लेन्स घेऊ की फ्लॅश?

निवांत

नमस्कार मंडळी. पाच आठवड्यांनी मामेबहिणीचं लग्न आहे. छोटंच, साठ-सत्तर माणसांचं. तिने परस्पर जाहीर करून टाकलंय की फोटो मी काढणार. कारण काय, तर "तुझे पक्ष्यांचे फोटो किती छान असतात!" पक्षी उन्हात बसतात आणि त्यांच्या मावश्या माझ्या मागे उभ्या राहून "झाला का गं?" असं विचारत नाहीत, हे तिला कोण सांगणार.

माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. सोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स (एफ/३.५-५.६; एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो) आणि पक्ष्यांसाठी घेतलेली ७०-३०० (एफ/४.५-६.३). एक बॅटरी, एक ६४ जीबीचं कार्ड, एक तिपाई. फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यातून वर येतो तेवढाच.

जागा बंदिस्त हॉल आहे, खिडक्या एकाच बाजूला. संध्याकाळी पाचला विधी सुरू होणार, मग जेवण, मग नाचगाणी. परवा त्याच वेळेला तिथे जाऊन भावाला उभं करून फोटो काढून पाहिले. १८-५५ पूर्ण झूम करून एफ/५.६, शटर १/१२५ सेकंद ठेवलं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ६४०० लागला आणि तरीही चेहरा काळपटच. आणखी एक गंमत अशी की काहीही न बदलता सलग काढलेल्या फोटोंत एक पिवळसर, पुढचा जरा उजळ, त्यापुढचा परत मंद. कॅमेरा बिघडलाय का?

विचारायचं हे:

ओळखीतले एक जण म्हणतात लग्नाला फुल-फ्रेमच (म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेराच) लागतो, बाकी सगळं व्यर्थ. खरं आहे का?

काका त्यांची जुनी ५० एमएम एफ/१.८डी लेन्स वापरायला देतायत. ती पुरेल का?

फ्लॅशची मला भीती वाटते. एफ/१.८ हातात आली तर फ्लॅश टाळता येईल ना?

एखादीच वस्तू विकत घेऊ शकते. एक-दोन दिवसभरापुरत्या भाड्याने आणता येतील.


तर्कट

सोपं आहे. फुल-फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) भाड्याने घ्या, सोनी ए७ थ्री किंवा त्या वर्गातला कुठलाही. डोळा ओळखून फोकस करतो, आयएसओ ६४०० ला हसत फोटो देतो, शटरचा आवाज बंद करता येतो. सोबत २४-७० एफ/२.८. फ्लॅशची गरज नाही, लेन्स बदलायची गरज नाही. विषय संपला.


सावलीचोर

तर्कट साहेब, विषय तुमचा संपला, त्यांचा अजून सुरू व्हायचाय.

निवांत, आधी तुमचं कौतुक. सामानाची यादी करण्याआधी त्याच वेळेला जागेवर जाऊन आकडे घेऊन आलात. हे न करता लोक लेन्सवर लेन्स विचारत बसतात. आता तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू.

एफ/५.६, १/१२५, आयएसओ ६४००. फुल-फ्रेमच्या सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण सव्वादोन पट असतं, म्हणजे बॉडी बदलून फायदा झाला तर एका स्टॉपहून (म्हणजे प्रकाशाच्या दुपटीहून) जरासा जास्त. आता बॉडी तीच ठेवून लेन्स बदला. एफ/५.६ वरून एफ/२.८ ला आलात की प्रकाश चौपट, त्याच शटरला आयएसओ १६०० पुरतो. एफ/१.८ ला आलात तर जवळजवळ दहापट, म्हणजे ६४० च्या आसपास. पैसे कुठे टाकायचे ते आकडेच सांगतायत. फुल-फ्रेम वाईट नाही, पण नुसती बॉडी आणून त्याला तुमची १८-५५ लावलीत तर निकॉन डी७५० सारखा कॅमेरा आपण होऊन कडा कापतो आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम १० तुमच्या हातात देतो. फुल-फ्रेम आणायचा तर लेन्सही त्याच मापाच्या आणाव्या लागतात, हे "फुल-फ्रेमच लागतो" म्हणणारे सहसा सांगत नाहीत.

आणि पाच आठवडे हातात असताना अनोळखी मेनूचा कॅमेरा लग्नाच्या दिवशी सकाळी ताब्यात घेणं मला पटत नाही. डी५६०० वर तुमचं बोट न बघता आयएसओच्या बटणावर जातं ना? ती सवय भाड्याने मिळत नाही.

काकांची लेन्स. थांबा! एफ/१.८डी मधल्या त्या "डी" कडे बघा. डी मालिकेच्या बहुतेक लेन्समध्ये, काकांच्या या लेन्समध्येही, फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि डी५६०० च्या बॉडीत ती नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हाताने फिरवून करावा लागेल. एफ/१.८ ला, हलत्या माणसावर, आयुष्यात पहिल्यांदा लग्न टिपताना. नको. त्याच मापाची एफ/१.८जी येते, तिच्यात मोटर आहे.

पण मोटर असली तरी ५० तुमच्या कॅमेऱ्यावर लांब पडते. तीन मीटरवर उभ्या माणसाकडे रोखलीत तर चौकटीची रुंदी येते १.४ मीटर. नवरानवरी मावतात, तिसरा माणूस अंग चोरून. ३५ एमएमला तीच रुंदी दोन मीटर होते आणि १८ ला जवळजवळ चार. बंद हॉलमध्ये मागे सरकायला भिंत आड येते, म्हणून एकच प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्यायची तर मी ३५ एफ/१.८जी डीएक्स (तुमच्या मापाच्या सेन्सरसाठीची) म्हणेन. माझं खरं मत मात्र प्राइम नकोच, असं आहे. १७-५० एफ/२.८ भाड्याने आणा. सिग्माची येते, तिच्यात स्वतःची मोटर आहे, तुमच्या बॉडीवर विनातक्रार चालते. पहिल्यांदा काढणाऱ्याला कुठे उभं राहायचं हे आधी कळत नसतं, विधी सुरू झाला की हलता येत नाही, आणि तेव्हा झूम वाचवतो. शिवाय एफ/१.८ वर फोकसची खोलीही बघा: ३५ ने दोन मीटरवरून टिपलंत तर जेमतेम वीतभर जागा फोकसमध्ये राहते, ५० ने त्याच्या निम्मी. नवरी नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागे असली की दोघांपैकी एकाचाच चेहरा स्पष्ट. एफ/१.८ असणं आणि सतत एफ/१.८ वापरणं यात फरक आहे.

आता फ्लॅश. तुमच्या भीतीचं कारण कॅमेऱ्यातला तो छोटा फ्लॅश असणार. समोरून थेट मारतो, चेहरे पोलिसांच्या टॉर्चमध्ये सापडल्यासारखे येतात, भिंतीवर काळी सावली पडते. लांबट लेन्सला हूड लावला असेल तर फोटोच्या खालच्या कडेला लेन्सचीच गोल सावली येते. तो बंदच ठेवा. पण डोकं फिरणारा बाहेरचा फ्लॅश हे वेगळंच प्रकरण आहे. त्याचं तोंड छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे करायचं, म्हणजे उजेड आधी तिथे पसरतो आणि मग मोठ्या खिडकीतून आल्यासारखा मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. विकत घ्यायची जी एक वस्तू आहे ती ही घ्या. लेन्स भाड्याने, फ्लॅश विकत. कारण लेन्स तासाभरात हाताला बसते, फ्लॅशला सराव लागतो, आणि तो सराव पाच आठवडे घरात करायचाय. भावाला पुन्हा उभं करा.

गोडॉक्सचा टीटी६८५ घेतलात तर निकॉनसाठीचाच घ्या, नावाच्या शेवटी एन असतो. टीटी६०० त्याहून साधा आहे पण त्यात टीटीएल नाही, म्हणजे दर वेळी ताकद हाताने ठरवायची. ज्यांच्याकडे कॅनन आहे त्यांच्यासाठी एक सूचना: २००डी मार्क टू सारख्या काही मॉडेलांच्या हॉट-शूला (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेला) मधली पिनच नाही, त्यामुळे असा साधा फ्लॅश त्यावर पेटत नाही. घेण्याआधी शूमध्ये डोकावून बघा.

फ्लॅश लावल्यावर डी५६०० चं शटर १/२०० च्या पुढे जात नाही, तेही चालेल, हॉलमध्ये लागतच नाही. सुरुवात एफ/४, १/१२५, आयएसओ ८०० पासून करा आणि फ्लॅशची भरपाई (ताकद कमीजास्त करण्याची सोय) तिथून वरखाली. आयएसओ स्वतः ठरवा, त्या वेळी ऑटोवर सोडू नका. सेल एए आकाराचे चार लागतात, ते रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्या. साध्या अल्कलाइनपेक्षा ते फ्लॅश लवकर भरतात, आणि दोन फोटोंमधला तो रिकामा वेळ नेमका नको तेव्हा येतो. एकूण तीन संच ठेवा.


दोनकार्डवाली

सावलीचोर दादांनी हिशेब छान मांडलाय, पण मला वेगळीच काळजी वाटतेय. निवांत, तू एकटीच आहेस का? म्हणजे दुसरा कोणी फोटोग्राफर नाहीच? तसं असेल तर लेन्सच्या आधी हा विचार कर: डी५६०० ला कार्डाचा खण एक. कॅमेरा एक. बॅटरी एक. यातलं काहीही एक रुसलं तर लग्न परत होत नाही.

म्हणून भाड्याने पहिली वस्तू दुसरी बॉडी आण. आणि ती फुल-फ्रेम नको, डी७२०० आण. जुना आहे, २०१५ चा, पण तुझ्यासाठी चपखल. तुझ्याच मापाचा सेन्सर आहे, म्हणजे तुझ्या सगळ्या लेन्स त्याला चालतात. एसडी कार्डाचे खण दोन, तेव्हा प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीकडे लिहायला लावता येतो. मेनू तुझ्याच घराण्यातला. आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, तेव्हा काकांची ५० एफ/१.८डी त्यावर आपोआप फोकस करते! फुकटची लेन्स कामी आली. डी७५०० दिला तर घेऊ नकोस हो. आकडा मोठा, कॅमेरा नवा, पण त्याला खण एकच आहे आणि तो फरक नेमका तुला लागणाराच आहे.

मग डी७२०० वर १७-५० आणि डी५६०० वर दुसरी काहीतरी, असं दोन्ही खांद्यांवर. दोन्हींची घड्याळं आदल्या दिवशी एकाच मिनिटावर लाव. हे कोणी सांगत नाही, आणि नंतर दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करताना विधी आधी आणि आगमन नंतर असा खिचडा होतो.

बॅटऱ्या दोघांच्या वेगळ्या असतात, एकमेकांत चालत नाहीत, तेव्हा दोन्हीसाठी जादा लागतील. डी५६०० च्या बॅटरीवर कंपनी ९७० फोटो सांगते. सारखी स्क्रीन बघत राहिलीस तर तेवढे निघणार नाहीत. कार्डं: रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) एक फोटो साधारण २५-३० एमबी धर, म्हणजे ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास. जागा पुरते. तरीही आणखी दोन घे, आणि वापरण्याआधी ज्या कॅमेऱ्यात घालणार त्यातच फॉरमॅट कर. आणि रॉच काढ. दिव्यांचा तो पिवळा रंग नंतर निस्तरायचा असेल तर जेपेगला हात फार लावता येत नाही.


सावलीचोर

डी७२०० हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. अगदी बरोबर. माझी यादी मी तशीच दुरुस्त करतो.

आणि निवांत, तो सलग फोटोंत उजेड कमी-जास्त होण्याचा प्रकार राहिलाच. कॅमेरा बिघडलेला नाही. दिवे लुकलुकतायत, डोळ्याला दिसत नाही इतकंच. ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झच्या विजेवर १२० वेळा. शटर जितका वेळ उघडं राहतं त्यात असं पूर्ण आवर्तन बसलं तर दर फोटोत सारखा उजेड येतो, अर्धवट बसलं तर कधी चढता भाग मिळतो, कधी उतरता. १/१२५ ला तुम्हाला त्रास झाला म्हणजे तिथली वीज ५० हर्ट्झची असावी. १/१०० करून बघा, नाहीतर १/५०. उभ्या माणसाला १/१०० चालून जातं, चालत्याला नाही. ६० हर्ट्झ असती तर १/१२५ ला हा प्रकार जवळपास दिसला नसता.

तर्कट साहेबांचं आवाज बंद केलेलं शटर इथेच घात करतं. ए७ थ्री सारख्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे अशा दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शांतपणे काढलेला पट्ट्यापट्ट्यांचा फोटो. घेतलात तरी तिथे यांत्रिक शटरच वापरा.


तर्कट

पट्ट्यांचं मान्य. पण फोकसचं काय? डी५६०० ला ३९ फोकस बिंदू आहेत, त्यातले फक्त मधले ९ क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे). कडेचा बिंदू अंधारात कुठे कुठे शोधत बसतो. मिररलेस तिथे खरंच पुढे आहे, आणि नवशिक्याच्या हातून जास्त फोटो फोकसमुळे जातात, आयएसओमुळे नाही.


सावलीचोर

हा मुद्दा खरा. फोकसमध्ये मिररलेस पुढे आहे यावर माझा वाद नाही. पण उपाय भाड्याशिवायही आहे: मधल्या बिंदूंवरच काम करायचं, डोळ्यावर फोकस धरून, शटरचं बटण अर्धं दाबून ठेवून चौकट किंचित सरकवायची. एफ/२.८ ला आणि दोन-तीन मीटरवर हे पचतं. एफ/१.८ ला पचत नाही, म्हणून झूम म्हणतोय.


निवांत

बाप रे. सगळ्यांचे आभार. शटर १/१०० करून आज पुन्हा जाऊन आले, फोटो सारखे येतायत! भाऊ आता पैसे मागतोय.

एकटीच आहे हो ताई, दुसरं कोणी नाही. डी७२०० साठी विचारलं, मिळतोय, आणि १७-५० सुद्धा.

पण नवी अडचण. फ्लॅश छताकडे करायचा म्हणताय, तर तिथलं छत लाकडी आहे, गडद तपकिरी, आणि दोन मजले उंच. मित्राचा फ्लॅश आणून लावून पाहिला, काही उपयोग नाही, उलट चेहऱ्यावर मातकट रंग आला. आता फ्लॅश नकोच का?

आणि ७०-३०० न्यावी का? मागून, कोणाच्या मध्ये न येता चेहरे टिपायला?


दोनकार्डवाली

७०-३०० घरी ठेव. लांबच्या टोकाला एफ/६.३, म्हणजे तुझ्या त्या एफ/५.६ हूनही अंधारी. आत लागणार नाही. पाहुणे येतानाचे फोटो हॉलबाहेर उजेडात काढायचे असतील तरच आण. मागून चेहरे टिपायला काकांची ५० आहे ना डी७२०० वर. तुझ्या मापाच्या सेन्सरवर ती ७५ सारखी वागते, चेहऱ्यांना छान.


सावलीचोर

छत विसरा. लाकूड उजेड खातं आणि उरलेल्याला स्वतःचा रंग देतं, आणि तेवढ्या उंचीवरून परत येईपर्यंत त्यात दम राहत नाही. भिंती कोणत्या रंगाच्या आहेत? खिडक्यांच्या समोरची भिंत पांढरी किंवा फिकट असेल तर तुमचं काम झालं. फ्लॅशचं तोंड छताकडे नाही, त्या भिंतीकडे वळवा, तुमच्या खांद्यावरून मागे-बाजूला. भिंत दोन-तीन मीटरवर असेल तर मस्त. भिंतीचा उजेड बाजूने येत असल्यामुळे चेहऱ्याला आकारही मिळतो, छतावरून आलेला उजेड कधीकधी डोळ्यांखाली खड्डे पाडतो, ते इथे टळतं.

भिंतीही गडद असतील किंवा लांब असतील तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. कोपऱ्यात एक स्टँड, त्यावर फ्लॅश, पुढे पांढरी छत्री, आणि कॅमेऱ्यावर त्याच कंपनीचा छोटा ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारा). तुमच्यासाठी हे शेवटचं आणि तेही फक्त समूहफोटोंपुरतं, कारण नाचायला लागल्यावर त्या स्टँडला कोणीतरी धडकणारच. कोपऱ्यात ठेवलात तरी पायावर वाळूची पिशवी किंवा जड बॅग टाका.

अजून एक. हॉलचे दिवे पिवळे आहेत, फ्लॅशचा उजेड दिवसासारखा पांढरा. दोन्ही एकत्र झाले की चेहरा पांढरा आणि मागची माणसं नारिंगी. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत फिल्मचा) तुकडा लावला की दोन्ही रंग जुळतात आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची मांडणी) एकाच जागी ठेवता येतो. एवढीशी पट्टी असते, बॅगेत जागा घेत नाही. पाचला खिडक्यांतून अजून उजेड येत असेल तोवर जेल नको, अंधार पडला की लावा.

विधीच्या वेळी फ्लॅश चालतो का, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी नाही म्हणतात. नाही म्हणाले तर एफ/२.८, १/१००, आयएसओ १६०० ते ३२००. तुमच्याच मोजणीवरून सांगतोय, चेहरा काळपट आला होता म्हणून वरचा आकडा हाताशी ठेवा. ३२०० ला दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो लोक भिंतीवर लावतात, हललेला कोणी लावत नाही.


निवांत

भिंत फिकट पिवळट-पांढरी आहे! उद्या तिकडे फ्लॅश वळवून बघते.

मग यादी अशी: डी७२०० आणि १७-५० भाड्याने, फ्लॅश विकत, काकांची ५०, डी५६०० वर १८-५५ आणीबाणीसाठी. दोन जादा कार्डं, दोन्हींच्या जादा बॅटऱ्या, फ्लॅशच्या सेलचे तीन संच, जेल. तिपाई नेऊ का?


दोनकार्डवाली

समूहफोटोसाठी ने, बाकी वेळ भिंतीला टेकवून ठेव. तिपाईवर कॅमेरा लावला की तुला हात मोकळे मिळतात, लोकांना मागे-पुढे सरकवता येतं, आणि चौकट तीच राहिल्यामुळे पाच-सहा सलग काढून ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत तो निवडता येतो. ज्याला दोन्हीकडची माणसं नावानिशी माहीत आहेत असा एक नातेवाईक हाताशी घे, हाका मारायला. समूहफोटो खिडक्यांचा उजेड असताना, विधीच्या आधीच उरक. आणि भाड्याची बॉडी एक दिवस आधी ताब्यात घे, लग्नाच्या सकाळी नाही. दोन्ही खणांत एकाच वेळी लिहिण्याचा पर्याय तुला मेनूत जाऊन बॅकअप असा निवडावा लागेल, आधीच्या माणसाने काय ठेवलं असेल ते सांगता येत नाही.


सावलीचोर

तिपाईवर असताना १७-५० चं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा. आणि समूहाला एफ/४ नाहीतर एफ/५.६, दोन रांगा असतील तर फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर. पाच-सहा मीटरवरून काढलात तर मागची रांगही त्यात येते.